घोटीच्या तांदळाची किल्ली

माझी नणंद आजही नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना म्हणते, "वहिनींचं कॉम्प्युटरचं होतं." म्हणजे नेमकं काय होतं, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मीही सांगायच्या फंदात पडले नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, मी टायपिंग करते. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी बँकेत आहे, कारण माझ्या तोंडी सारखं किल्ली, कुलूप, पासवर्ड असंच काहीबाही असायचं. आता कामातून मोकळी झाले आहे आणि दिवाळीच्या निमित्तानं संपादकांनी चार पानं दिली आहेत, तर एकदाचं सांगूनच टाकते.

नाशिकला गंगापूर रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघांनी मिळून ऑफिस थाटलं होतं. तिथे आम्ही सर्व्हर भाड्यानं देत असू. सर्व्हर म्हणजे लोकांच्या वेबसाइट ज्याच्यावर राहतात तो, कधीही बंद न होणारा कॉम्प्युटर. 'कधीही बंद न होणारा' हे शब्द आमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होते. वीजवाल्यांनी ती जाहिरात बहुधा वाचली नसावी, कारण लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आमचा अर्धा जीव इन्व्हर्टरच्या काट्यावर टांगलेला असायचा. चौघांत मी एकटीच बाई. जिना चढून आलेला माणूस आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघून विचारायचा, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायचे, "साहेब चहा आणायला गेलेत, तुम्ही काम सांगा." आणि बऱ्याचदा ते खरं असायचं.

माझ्याकडे खातं होतं ते कुलपांचं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसतं ना, ते. तेव्हा त्याला एसएसएल म्हणत, आता टीएलएस म्हणतात. नाव बदललं, तरी डोकेदुखी तीच. समजा, एका दुकानदारानं दाराबाहेर उघड्या कुलपांचा ढीग ठेवला आहे. गिऱ्हाईक आपली चिठ्ठी पेटीत टाकतं, ढिगातलं एक कुलूप लावून दाबतं आणि पेटी आत पाठवतं. कुलूप कोणीही लावावं, उघडणारी किल्ली मात्र एकट्या दुकानदाराजवळ. तिला म्हणायचं खाजगी किल्ली. आणि हे कुलूप खरंच याच दुकानाचं आहे, दुसऱ्या कुणी लबाडानं आणून ठेवलेलं नाही, असा शिक्का मारणारी एक त्रयस्थ कंपनी असते. तो शिक्का म्हणजे सर्टिफिकेट. प्रत्यक्षात ही किल्ली म्हणजे अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या पंधरा-वीस ओळींची एक फाइल असते, बघून कुणाला काडीचंही कळू नये अशी. पण त्यातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तरी सर्व्हर रुसून बसतो. तो का रुसला, हे शोधून काढणं हाच माझा धंदा.

रुसण्याची कारणं एकेक नमुनेदार असायची. आमचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ होते, भारी संशयी. किल्लीला वरून आणखी पासवर्ड लावता येतो, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि त्यांनी तो लावून घेतला. तो टाकल्याशिवाय सर्व्हर पुन्हा सुरू होत नाही. मग काय, दुपारची लाइट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, की शेठना फोन. शेठ स्कूटरवरून येणार, आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करणार, पासवर्ड टाकणार आणि घाम पुसत परत जाणार. एकदा ते अष्टविनायकाला गेले आणि इकडे लाइट गेली. ते परत येईपर्यंत साइट बंद. आल्यावर मी जरा चिडूनच सांगितलं, तर म्हणाले, "पण मॅडम, आत कोणी शिरलं नाही ना?"

दुसऱ्या होत्या वधूवर मंडळ चालवणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. किल्ली जपून ठेवा, असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी ती ईमेलनं सबंध कार्यकारिणीला पाठवून दिली. "आमचा कारभार पारदर्शक आहे," असं वर मलाच ऐकवलं. खाजगी किल्ली एकदा चार ठिकाणी गेली की ती टाकूनच द्यायची, सगळं नव्यानं करायचं, हे त्यांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं, "बाई, परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिकेचाही असा पारदर्शकपणा करायच्या का तुम्ही?" मग एकदम पटलं.

हल्ली यातलं काही उरलेलं नाही. किल्ली आपोआप तयार होते, सर्टिफिकेट आपोआप येतं, संपायच्या आत आपोआप बदलतं. बरंच झालं म्हणायचं. पण किल्ली हातात घेऊन जिना चढून येणारी माणसंही त्याबरोबर गेली, याची मला चुटपुट लागते. आमचं काम असं की ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही आणि बिघडलं तरच आमची आठवण होते. त्या माणसांना तेवढं ते दिसायचं.

त्यातली घोटीची उज्ज्वला मला सगळ्यांत जास्त आठवते.

घोटीत तिच्या सासऱ्यांची राईस मिल होती. सासरे म्हणजे आप्पा. पांढरी टोपी, कमी बोलणं आणि मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन नुसत्या नजरेनं त्याचा भाव सांगणं, अशी त्यांची ख्याती. उज्ज्वला नाशिकला कॉलेजात शिकलेली, थोरली सून. मुंबई-पुण्याच्या लोकांना घोटीचा इंद्रायणी तांदूळ थेट घरपोच पाठवायचा, मधला व्यापारी नको, ही कल्पना तिची. नवऱ्याला पटली होती, पण तो मालाच्या गाडीबरोबर सतत बाहेर. गिरणीच्या टोकाला कोंडा भरायची एक खोली होती, ती तिनं स्वतः झाडून, सारवून घेतली. तिथे कॉम्प्युटर आणला आणि वेबसाइट उभी केली. फक्त पैसे घ्यायची सोय राहिली होती. साइटला कुलूप लागल्याशिवाय बँक कार्डाचे पैसे घेऊ देत नव्हती.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा आप्पांनी माझ्यादेखतच अट सांगितली. "दसऱ्याला सुरू झालं तर खोली हिची. नाय झालं तर मला कोंडा भरायला पायजे. सुगी तोंडावर आली हाय, ताई." त्यात दुष्टपणा नव्हता. नवा भात यायला लागला की गिरणीवाल्याला हातभर जागाही सोन्यासारखी असते. ते आत गेल्यावर उज्ज्वला मला म्हणाली, "मॅडम, घरातलं सगळं मी करते, त्याचं काही नाही. पण या खोलीत आले ना, की माझं असं काहीतरी आहे असं वाटतं. ही गेली तर पुन्हा मागायची माझी हिंमत नाही होणार." मी त्या वाक्यानं हलले. साहेब कुठे आहेत, हे ऐकत मी जी वर्षं काढली, ती मला त्या खोलीत दिसली.

माझा एक नियम होता. किल्ली मालकाच्याच कॉम्प्युटरवर तयार करायची, आमच्याकडे तिची प्रत ठेवायची नाही, आणि सर्टिफिकेट आलं की मालकानं ती स्वतःच्या हातानं घेऊन यायची. त्याप्रमाणे मी तिच्या कॉम्प्युटरवर किल्ली तयार केली, त्या किल्लीवरून सर्टिफिकेटचा अर्ज काढला आणि परदेशातल्या कंपनीकडे पाठवला. निघताना तिला सांगितलं, "या फाइलला हात लावायचा नाही. उघडायची पण नाही." तिनं मान डोलावली. पुढे कागदपत्रं, फॅक्स, फोन असं बरंच झालं आणि नवरात्रात सर्टिफिकेट हाती आलं. मी लगेच निरोप धाडला.

खंडेनवमीला सकाळीच दोघं आली. आप्पा पुढे, मागून उज्ज्वला, रुमालात गुंडाळलेली सीडी छातीशी धरून. आमच्याकडे त्या दिवशी सर्व्हरची पूजा झालेली. वर हळदीकुंकू, भोवती झेंडूची माळ, आणि कुणा भाविकानं पंख्याच्या जाळीत खोवलेलं फूल मी नुकतंच उपसून काढलेलं. आप्पांनी चपला बाहेर काढल्या आणि सर्व्हरला हात जोडले. त्या यंत्राला इतक्या मनापासून नमस्कार आमच्यातल्याही कुणी केला नव्हता.

मी सीडीवरची किल्ली सर्व्हरवर घेतली, सर्टिफिकेट शेजारी ठेवलं आणि सर्व्हर सुरू केला. तो सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत आलं, खाजगी किल्ली सापडली नाही.

"काय म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"किल्ली सापडत नाही म्हणतंय."

"अन ही काय हाय मग?" त्यांनी माझ्या हातातल्या सीडीकडे बोट दाखवलं. प्रश्न अगदी रास्त होता.

अशा वेळी घाई करायची नाही, हे मी अनुभवानं शिकले होते. आधी बघितलं, फाइल ठरलेल्या जागी आहे का. होती. ती वाचायची परवानगी सर्व्हरला आहे का. होती. शेठसारखा कुणी पासवर्ड लावलाय का. नव्हता. सीडीवर चरा असेल म्हणून पुन्हा उतरवून घेतली. तेच. सर्टिफिकेट एका किल्लीचं आणि आणलेली किल्ली दुसरी, असाही घोळ नेहमी होतो. पण ते ताडून बघायला किल्ली उघडावी तरी लागते, आणि ही उघडतच नव्हती. फाइल पडद्यावर घेतली तर दिसायला सगळं जिथल्या तिथे. पहिली ओळ बरोबर, शेवटची बरोबर, मधल्या ओळी जितक्या हव्यात तितक्या.

मग माझं लक्ष फाइलच्या आकाराकडे गेलं. तो नेहमीच्या दुप्पट होता. ओळी तेवढ्याच, अक्षरं तेवढीच आणि आकार दुप्पट, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी ते मोठ्यानंच बोलले असणार, कारण आप्पा म्हणाले, "पोती तेवढीच अन वजन जास्त, म्हंजी माल ओला हाय."

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. मी उज्ज्वलाकडे वळले. "तू ही फाइल उघडली होतीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

मी तिला खरं काय ते सांगितलं. "हे बघ, या फाइलचं काय झालंय ते कळलं तर दुरुस्त करता येईल. नाही कळलं तर ही किल्ली गेली असं समजायचं. मग नवी किल्ली, नवा अर्ज, परत सगळे फॅक्स. दसरा उद्यावर आलाय. उद्या काही हे होणार नाही." माझ्याकडे प्रत नव्हती. स्वतःच्या नियमाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. आप्पा खांद्यावरची पिशवी सारखी करत म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या, ताई. तुमी लय केलं. नाय व्हायचं तर नाय व्हायचं. कोंडा भरू." आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. ते खरोखरच निघाले होते.

"आप्पा, थांबा," उज्ज्वला म्हणाली. "मी उघडली होती."

आप्पा दारातच थांबले.

तिनं सांगितलं ते असं. मी किल्ली करून घोटीहून निघाले, त्या संध्याकाळी आप्पांनी तिला विचारलं होतं, "झाली का किल्ली? वर श्री लिहिला का?" आपल्याकडे पत्रिका असो, पावती असो की नव्या वहीचं पहिलं पान, वर श्री लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. आप्पांच्या घरात तर तांदळाच्या पहिल्या पोत्यावरही श्री काढतात. धंद्याची किल्ली तयार झाली आणि तिच्यावर श्री नाही, हे त्यांना कसं चालावं? उज्ज्वलानं फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि सगळ्यांत वर मराठीत श्री लिहिला. सेव्ह करताना कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, म्हणजे मराठी अक्षर टिकायला हवं असेल तर दुसऱ्या प्रकारानं सेव्ह करा, अशा अर्थाचं. तिनं तसं केलं. आप्पांना बोलावून दाखवलं. ते खूष झाले.

"दुसऱ्या दिवशी मला भीती वाटायला लागली," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात. म्हणून मी पुसून टाकला."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, पण मी कीबोर्डला हात लावला नाही. कारण तिनं ते मला सांगितलं नव्हतंच, आप्पांना सांगितलं होतं. सासऱ्यांनी लिहायला लावलेला श्री आपण त्यांच्या मागं पुसला, हे त्या घरातल्या सुनेनं त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि तेही परक्या ऑफिसात.

"पुसला?" आप्पांनी विचारलं.

"हो."

मान खाली होती, पण आवाज ढळला नाही.

मग मी कामाला लागले. प्रकार असा झाला होता. इंग्रजी अक्षराला फाइलमध्ये एक घर पुरतं. तिच्या नोटपॅडनं श्रीसाठी जो प्रकार निवडला, त्यात मराठी लिहिता यावं म्हणून प्रत्येक अक्षराला दोन घरं मिळतात, मग ते इंग्रजी का असेना. श्री पुसला तरी दोन घरांचा बेत तसाच राहिला. डोळ्यांना काही दिसत नाही, पण प्रत्येक अक्षरामागे एक रिकामं घर. सर्व्हरला वाचता येते ती एका घराची किल्ली. समोरच्या फाइलमध्ये तो आपली किल्ली शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. युनिकोड हा प्रकार तेव्हा आमच्याकडे नवा होता, मीही त्याच्या वाटेला फारशी गेले नव्हते.

दुरुस्ती अगदीच किरकोळ. फाइल पुन्हा जुन्या प्रकारानं सेव्ह केली. आकार निम्म्यावर आला. सर्टिफिकेटशी ताडून पाहिली, जोडी जमली. सर्व्हर सुरू केला आणि तो निमूटपणे उठला. मी घोटीच्या तांदळाची साइट उघडली. कोपऱ्यात कुलूप लागलेलं होतं.

"झालं," मी म्हटलं.

उज्ज्वला पडद्याकडे बघतच नव्हती. ती आप्पांकडे बघत होती. आता कुलूप लागूनही खोली जाऊ शकते, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

आप्पा हळूहळू आत आले. कुलपाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "म्हंजी श्रीनं बिघडलं व्हय, ताई?"

मनात आलं, काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी. पण ज्या माणसानं चपला काढून आमच्या यंत्राला नमस्कार केला, त्याच्याशी खोटं बोलवेना. "श्रीनं नाही, आप्पा. हात लावल्यानं. तिथं मी माझं नाव मराठीत लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. आणि हिनं आत्ता सांगितलं नसतं, तर मी नव्या किल्लीच्याच मागं लागले असते."

ते सुनेकडे न बघता म्हणाले, "म्हंजी सांगितलं मी, केलं हिनं, अन इतके दिवस जीव जाळत बसली ही एकलीच." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, पण मला सीडी करायचं निमित्त होतं.

काम पुरं झालं की दुरुस्त किल्लीची सीडी मालकाच्या हातात द्यायची. सगळे कागद आप्पांच्या नावानं होते, म्हणून मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"माझ्याकडं नको. मी परत कायतरी लिवायला सांगंन. हिच्याकडं द्या. खोली हिची, किल्ली हिची."

उज्ज्वलानं पदराला हात पुसले आणि सीडी घेतली. आल्यापासून ती उभीच होती. आप्पांसमोर सुनांनी खुर्चीवर बसायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती, मी बस म्हटलं तरी ती बसली नव्हती. आप्पांनी कॉम्प्युटरसमोरची माझी खुर्ची ओढली आणि तिच्याकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "अन एखाद्यानं पाच किलो तांदूळ मागितला तर काय व्हतंय, ते मला दाव."

ती बसली, आणि आप्पा तिच्या मागे उभे राहून बघू लागले.